ग्लासातल्या दहा नोटा

जहाजावरच्या पहिल्याच संध्याकाळी, सूप यायच्या आधी, साहेबांनी पाकिटातून दहा कोऱ्या नोटा काढल्या, एका रिकाम्या ग्लासात उभ्या करून ठेवल्या आणि ग्लास टेबलाच्या मधोमध सरकवला. मग बोटाने वेटरला जवळ बोलावलं. ही तुझी बक्षिसी, म्हणाले, सात दिवसांची. आज सगळी तुझी आहे. चूक झाली की एक नोट माझ्या खिशात परत. शेवटच्या दिवशी उरेल ते तुझं.

वेटर चाळिशी उलटलेला, कानशिलं पिकलेला उंच माणूस होता. त्याने ग्लासाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि ठीक आहे सर, म्हणून सूप आणायला गेला. टेबलावरचे सगळे हसले. साहेबांच्या कचेरीतल्या निवृत्त मंडळींचा संघ बायकांसकट सहलीला निघाला होता, चाळीस माणसं होती. शेजारच्या इंजिनिअरची बायको म्हणाली, तुमच्या ह्यांचं डोकं भारीच चालतं हं वहिनी.

साहेबांच्या बायकोला सगळी कचेरी वहिनीच म्हणायची, तेव्हा आपणही तेच म्हणू. वहिनींना हसू आलं नाही. कारण हा खेळ त्यांच्या चांगला ओळखीचा होता. घरी ग्लास नव्हता एवढंच, दूध पावडरीचा रिकामा डबा होता. एक तारखेला साहेब घरखर्चाचे पैसे त्यांच्यासमोर त्यात ठेवायचे आणि महिनाभर चुकांपायी परत काढायचे. शर्टाचं बटण तुटलेलं, काढ एक. चहा गार, काढ एक. पाहुण्यांसमोर मध्येच बोललीस, काढ दोन. साहेब आवाज चढवायचे नाहीत, हात उगारायचे नाहीत. बाहेर लोक म्हणायचे, काय देवमाणूस मिळालाय. डोंबलाचा देवमाणूस!

लग्नाला सहा वर्षं झाली असतील तेव्हा वहिनींची आई आजारी पडली. तो महिना नेमका चुकांचा गेला होता. डब्यात गाडीभाड्यापुरतेही पैसे नव्हते. पुढच्या एक तारखेला पैसे आले तशा वहिनी तडक निघाल्या. माहेरी पोचल्या तेव्हा घरात एकटी भावजय होती, आणि आईचं अंथरूण धुऊन दोरीवर वाळत घातलेलं होतं. परत आल्यावर साहेबांनी विचारलं, चार दिवस म्हणून गेलीस आणि आठ का लावलेस? पुढे पगार वाढला, पैसे बँकेत जायला लागले, डबा कधीतरी भंगारात गेला. वहिनींच्या डोक्यातून मात्र गेला नाही.

तर आता तो परत आला होता, काचेचा होऊन, आणि चाळीस माणसांसमोर.

दुसऱ्या दिवशी पाव गार होता म्हणून एक नोट गेली. तिसऱ्या दिवशी वेटरने काटा डावीकडून उचलला की उजवीकडून, काहीतरी असंच. चौथ्या संध्याकाळी जहाज हेलकावलं आणि साहेबांच्या कफावर कॉफीचा थेंब उडाला, त्याच्या दोन गेल्या. नोट काढण्याचीही साहेबांची एक तऱ्हा होती. आधी चमचा ग्लासावर टिणकन वाजवायचा, आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या की मग दोन बोटांनी हळूच नोट उपसायची. वेटरची पाठ ताठ असायची, चेहरा हसरा. कान मात्र लालबुंद व्हायचे. ते कान फक्त वहिनींना दिसायचे, कारण तसे कान त्यांनी स्वतः सहा-सात वर्षं वागवले होते.

पाचव्या दिवशी साहेब केस कापायला गेले असताना वहिनींनी वेटरला विचारलं, नोटांचं एवढं मनाला लावून घेता का हो? तो म्हणाला, नोटांचं नाही मॅडम. शेवटच्या दिवशी प्रत्येक टेबलाला एक कागद देतात, त्यावर वेटरला शेरा द्यायचा असतो. 'उत्कृष्ट' सोडून दुसरं काहीही आलं की बड्या वेटरसमोर उभं राहायचं. दोनदा उभं राहिलं की पुढच्या फेरीला बोलावणं येत नाही. त्याचं एकदा झालं होतं. घरी दोन मुली शिकत होत्या. हे सगळं त्याने टेबल पुसता पुसता सांगितलं, तक्रार म्हणून नाही, विचारलं म्हणून.

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. केबिनमध्ये येऊन त्या टेबलाशी बसल्या. समोर साहेबांचं भाषण होतं, अर्धं लिहून झालेलं.

साहेबांचं असं होतं की लिहायचं म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. निरोप समारंभ असो, उद्घाटन असो, भाषण वहिनींनी लिहायचं आणि साहेबांनी खणखणीत आवाजात वाचायचं. चष्मा लावून लोकांसमोर उभं राहणं त्यांना कमीपणाचं वाटे, म्हणून अक्षरं बोटाएवढी काढावी लागत आणि पानावर जेमतेम सात-आठ ओळी बसत. आधी नजर घालायची पद्धतच नव्हती. तू लिहिलंयस ना, मग झालं, म्हणायचे. हे कौतुक आहे असं लोकांना वाटे. नळ सोडला की पाणी येणार, त्यातलाच तो भरवसा होता.

आणि हे भाषण साधंसुधं नव्हतं. सातव्या दिवशी दुपारी चारला जहाजावरच्या छोट्या सभागृहात संघाच्या अध्यक्षाची निवड होती. निवृत्त झाल्यापासून साहेब खोलीत शिरले की कोणी उठून उभं राहत नव्हतं, आणि ते त्यांना फार लागलं होतं. तीन वर्षं त्यांचा या खुर्चीवर डोळा होता. समोर उभा होता कचेरीतला जुना रोखपाल, गोलमटोल, बडबड्या, सगळ्यांच्या मुलांची नावं पाठ असलेला. भाषणात साहेब त्याला सहज खाऊन टाकतील असंच सगळे धरून चालले होते.

वहिनींनी भाषण पुरं केलं. नऊ पानं झाली. उगाच घाईने नाही, मन लावून लिहिलं, कारण चांगल्या भाषणाची पानं काढण्यातच खरी गंमत होती. मग त्यांनी स्वतःशी ठरवलं, आता चूक झाली की एक पान.

त्या संध्याकाळी वेटर जरा जास्तच हसतो म्हणून साहेबांनी नोट काढली. वहिनींनी केबिनमध्ये येऊन दुसरं पान काढलं. सहाव्या दिवशी साहेबांनी त्याला "ए" म्हणून हाक मारली, तिसरं गेलं. मासा परत पाठवला, चौथं. परत आलेला तोच मासा चवीने खाल्ला, पाचवं. संध्याकाळपर्यंत सातवंही गेलं आणि वहिनींना वाटलं, अजून चार-पाच पानं लिहायला हवी होती.

सातव्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या वेळी तो शेऱ्याचा कागद आला. सहाव्या दिवशी आणखी चार गेल्यामुळे ग्लासात एकच नोट उरली होती. साहेबांनी टिणकन चमचा वाजवला, सगळ्यांनी पाहिल्यावर ती नोट वेटरच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, पुढच्या वेळी सुधारणा दिसू दे. वेटरने वाकून आभार मानले. मग साहेबांनी कागद वहिनींकडे ढकलला. लिही, म्हणाले, कामात ढिलाई, शिस्त नाही, साधारण. वहिनींनी लिहिलं: उत्कृष्ट. खाली चार ओळी भरून लिहिलं की अपमान गिळून इतक्या हसतमुखाने काम करणारा माणूस आम्ही पाहिला नाही, याला पुढच्या फेरीला जरूर बोलवावं.

"सही कुठे करायची?" साहेबांनी विचारलं. वहिनींनी बोट ठेवलं. साहेबांनी सही ठोकली. माणसाची सही घेणं इतकं सोपं असतं, आणि आपण इतकी वर्षं काय करत होतो, असं वहिनींना झालं.

वेटरशी तसं वागल्याबद्दल आठवं पान गेलं. पहिलं आणि नववं राहिलं. खिसा हलका लागू नये म्हणून वहिनींनी मागे सात कोरे कागद लावले, घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले आणि साहेबांची कॉलर नीट केली.

भाषण चांगलं आहे ना, साहेबांनी विचारलं. हो, वहिनी म्हणाल्या, तुम्हाला शोभेल असंच आहे.

सभागृहात साहेब माइकसमोर उभे राहिले. पहिलं पान झकास गेलं. आवाज लागला, माना डोलल्या. पानाच्या शेवटी होतं, "माझ्या छत्तीस वर्षांच्या सेवेत मी इतरांसाठी जे जे केलं, ते आता तुमच्यासमोर ठेवतो." साहेबांनी थाटात पान उलटलं आणि त्याच खणखणीत आवाजात वाचलं, "धन्यवाद."

मग मागून कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं सभागृह फुटलं. आधी त्यांना वाटलं साहेबांनी मुद्दाम विनोद केला. टाळ्या पडल्या. पण साहेब पानं उलटत होते, कोरं, कोरं, पुन्हा कोरं. खिसे चाचपत होते. शेवटी आठवेल तसं बोलायला लागले, पण आठवण्यासारखं काही नव्हतंच, ते कधी त्यांचं नव्हतं. मग ते चिडले. "हसायला काय झालं? शिस्त आहे की नाही?" म्हणून ओरडले. छत्तीस वर्षं ज्यांनी हा आवाज ऐकून खाली माना घातल्या होत्या, त्यांनी आता घातल्या नाहीत. रोखपाल उठला, दोन वाक्यं बोलला आणि बसला. हात वर करायला सांगितलं तेव्हा त्याच्या बाजूने तेहतीस हात वर गेले. त्यातला एक वहिनींचा होता. चांगला ताठ, साहेबांना दिसेल असा.

केबिनचं दार लागल्यावर साहेबांनी कोट काढून खुर्चीवर फेकला. मग म्हणाले, पानं कुठे आहेत? वहिनींनी पर्स उघडून सातही पानं पलंगावर मांडली आणि कुठल्या चुकीला कुठलं गेलं ते एकेक करून सांगितलं. आवाज चढवला नाही.

"एका वेटरसाठी?" साहेब म्हणाले. "एका वेटरसाठी तू नवऱ्याचं नाक कापलंस?"

"वेटरचं त्याच्या कागदावर भागलं. हे माझ्या आईसाठी."

साहेबांना आधी काही कळेचना. मग वहिनींनी सांगितलं, कुठला महिना, कुठला डबा, किती नोटा कमी पडल्या. साहेब पलंगावर बसले. त्या पानांकडे बघत खरंच वाईट वाटल्यासारखे म्हणाले, "अगं, पण मागायचे होतेस ना भाड्याचे पैसे. मी काय नाही म्हटलं असतं?"

"मागितले होते," वहिनी म्हणाल्या. "दोनदा. एकदा तुम्ही जेवत होतात, आणि एकदा दाराशी, बूट घालत होतात. दुसऱ्या वेळी भावाची तार वाचून दाखवली होती."

साहेबांना यातलं काहीही आठवत नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. दुपारपासून वहिनींचा राग जरा निवायला लागला होता, पण तो चेहरा बघितला आणि त्यांना वाटलं, सात पानं फारच कमी झाली.