लाकडी हातोड्याचे दोन घाव

ते साल एकोणीसशे शहाऐंशी. मित्रांनो, मी एक जुना लाकडी हातोडा आहे. तुम्ही आता मोठे झालात, म्हणून हे सांगतो.

माझा जन्मच मारहाणीत झाला. ओंडका कुऱ्हाडीने फोडला, करवतीने चिरला आणि पोट पोखरून त्यात दांडा ठोकला. मला घडवणारा माझा धनी खुर्च्या करायचा. त्याची बायको त्याच पत्र्याच्या शेडमध्ये खिडकीपाशी बसून गाद्यांच्या खोळी शिवायची. खुर्चीची खुंटी अडली की धनी म्हणायचा, "बसत नाही म्हणजे काय? हाण अजून." दहा खुंट्या बसत, अकरावीला लाकूड उभं चिरत जाई. तरी गिऱ्हाईकं म्हणत, याची खुर्ची नातवंडांनाही पुरेल.

एका सकाळी शेजारच्या करवतीच्या यंत्रात धन्याच्या भावाचा पंजा गेला. भुशात पडलेली बोटं धन्याने वेचली. त्यानंतर त्याची झोप उडाली, तो करवतीला हात लावेना. दवाखान्यातून मनाच्या गोळ्या आल्या आणि तो सावरला. पण नवंच दुखणं मागे लागलं. बायकोची ओढ होती, शरीरही साथ देई, मात्र वीर्यस्खलन होईना. पाऊण तास झटूनही होईना. धनी तिथंही खुंटीचाच न्याय लावायचा. अजून जोर, अजून जोर. दोघंही सोलवटून निघत. दुपारी शेडमध्ये दोघंच असली की हेच भांडण चाले.

"माझ्यात काय उणं आहे ते एकदा सांगून टाका."

"तुझ्यात काही नाही गं."

"मग मन कुठं ठेवून येता? मला मूल हवंय. हे असंच चालणार असेल, तर पुढच्या महिन्यात मी आईकडे जाते ती कायमची."

धनी मला उचलून समोरची खुर्ची फोडायचा. अशा चार खुर्च्या गेल्या.

शेवटी त्याने खुर्च्यांना पॉलिश करायला येणाऱ्या पॉलिशवाल्यापाशी मन मोकळं केलं. तो खो खो हसला. "अरे, इतका वेळ टिकायला लोक जडीबुटी शोधत फिरतात. तुला आयतं मिळालं आणि रडतोस काय? वहिनी नशीबवान म्हणायच्या."

पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडलं ते मला आतपर्यंत कळलं. दुसरा डोक्यात बसायचा, पण बायकोने मध्ये हात घातला. तिची दोन बोटं माझ्याखाली चेचली.

दवाखान्यातही मी धन्याच्या मुठीतच होतो. मूठ उघडतच नव्हती. बायकोची बोटं बांधता बांधता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कशावरून झालं हे?"

बायकोच बोलली. "यांचं होत नाही, त्यावरून."

बाई हसल्या नाहीत. "कधीपासून?"

"गोळ्या सुरू झाल्यापासून."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"पुरुषाने असलं सांगायचं तरी कसं, बाई?" धनी पुटपुटला.

"ताप आला की सांगता ना? तसंच." मग त्यांनी समजावलं. अशा काही गोळ्यांनी हे होतं. मधुमेहाने, नसांच्या दुखण्याने, दारूने, धास्तीनेही होतं. ही मर्दुमकी नाही आणि प्रेम आटल्याची खूणही नाही. "गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. ज्यांनी दिल्या त्यांच्याशी मी बोलते, त्या बदलून देतील. आणि जोर लावणं थांबवा. आधी एकमेकांशी बोला."

गोळी बदलली. सात-आठ महिने गेले. दर वेळी सगळं सुरळीत झालं असं नाही, पण बायको गेली नाही. पुढे मुलगी झाली. ती आज शिलाई यंत्रं दुरुस्त करते. बायकोची बोटं वाकडीच राहिली, ती डाव्या हाताने कात्री चालवायला शिकली. पॉलिशवाल्याचा खांदा कायमचा उतरला. धनी त्याच्या पाया पडला, तरी तो त्या शेडची पायरी पुन्हा चढला नाही, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या होऊन वारल्या. धनीही गेला. दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर त्याने मला कधी हातात धरलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या ओळखीचा कुणी असं दुखणं सांगायला तोंड उघडेल, तेव्हा हसू नका. त्याला दवाखान्यापर्यंत सोबत करा. मी तिथे पोचलो खरा, पण दोन माणसं मोडून.