बसूचा ठेका

सोलापुरात गिरण्या चालू होत्या तेव्हा नागप्पानं रॉक बँड काढला आणि अख्खी गल्ली हसली. पुढं मुलगा बसू ड्रमवर बसला, आणि बापलेकांचं रोजचं भांडण सुरू झालं. बसू ठेक्याच्या पुढं पळायचा. "कुत्रं मागं लागलंय का रे?" नागप्पा भर कार्यक्रमात ओरडायचा. बसू हसायचा आणि आणखी पळायचा.

गेल्या उन्हाळ्यात चिंचोळीजवळ अपघातात बसू गेला.

आता त्याच्या मुलीनं, सिद्धेश्वरीनं, स्वतःचा बँड काढला होता. बापाचं गाणं बसवायला तिनं आजोबाला गिटार घेऊन बोलावलं. ड्रमवर तिचा मित्र अमृत होता, घड्याळासारखा पक्का. तरी गाणं पुन्हा पुन्हा मोडत होतं.

"कोण चुकतंय?" नागप्पा खेकसला.

सिद्धेश्वरी हळूच म्हणाली, "अज्जा, तुम्हीच पुढं पळताय."

नागप्पानं आपल्या बोटांकडं पाहिलं. इतकी वर्षं पोराला सांभाळून घेता घेता बोटांना त्याचीच चाल लागली होती. त्यानं पुन्हा सुरुवात केली, बोटं पुन्हा पळाली. ज्या गोष्टीसाठी बसूला जन्मभर शिव्या घातल्या, तीच त्यानं अमृतकडं हात जोडून मागितली.

"बाळा, जरा पुढं पळ की रे."