गुडघे आणि पालखी

हर्षदच्या जिभेला हाड नव्हतं, आणि जीभ होती तीही पिक्चरवाल्यांकडून भाड्यानं घेतलेली. न्हावा शेवा बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवायचा, दिवसभर मोबाइलवर पिक्चर ऐकायचा. चहा कसा झालाय विचारलं तरी डायलॉग! शिमग्याआधी गावचे अध्यक्ष कोंडाजीआबांनी फोन केला, "गावकीची बैठक हाय, येतोस ना?" हा पठ्ठ्या भारदस्त आवाजात म्हणाला, "बैठक वो बुलाते हैं, जिनके घुटने जवाब दे चुके हों!"

आता आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठवडाही झाला नव्हता. त्यात फोन स्पीकरवर, आणि समोर सगळे सोयरे बसलेले. आबांचं पित्त खवळलं. गावकीनं ठरवलं, भर बैठकीत माफी मागेपर्यंत शिमग्यात घरोघर फिरणारी देवाची पालखी हर्षदच्या दारात जाणार नाही.

इकडे मनुबाईनं, त्याच्या आईनं, अंगण सारवून नारळ आणून ठेवलेला. नवरा गेल्यापासूनची पहिली पालखी. दोन वर्षं सुतकानं आणि तिच्या दुखण्यानं दार बंद राहिलेलं. "हात जोड, पाय धर, पन पालखी आन रं बाबा," एवढंच ती म्हणाली.

हर्षद बैठकीत उभा राहिला. रात्रभर पाठ केलेलं सगळं विसरला आणि तोंडातून निघालं, "शेर झुकता है तो जंगल भी सलाम करता है!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. आबा लालबुंद.

हर्षदनं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. "आबा, चुकलो. तुमचं ऑपरेशन मला ठावं नव्हतं. आई तीन दिवस अंगण सारवत्ये. मला काय ती शिक्षा द्या, पालखी तेवढी आना." डोळे गळायला लागले.

मागून शिट्ट्या मारणाऱ्या पोरांतला पियूष ओरडला, "वन्स मोर!" आणि देवळाचा सभामंडप टाळ्यांनी दणाणला. कोणी म्हणालं, रडायचं काम फक्कड जमलंय. अहो, माणूस रडतोय की नाही, एवढंही कळू नये?

आबांनी शाल सावरली. टाळ्या ऐकून त्यांनाही चेव चढला. छाती फुगवून म्हणाले, "इस गाँव में माफी माँगी नहीं, कमाई जाती है!" झालं! पुन्हा शिट्ट्या. असला दणकेबाज निकाल फिरवणार कोण? गावकी उठली.

संध्याकाळी ढोल वाजत आले आणि शेजारच्या दारावरून वळले. मनुबाई नारळ घेऊन उंबऱ्यात उभी होती. आवाज लांब गेल्यावर तिनं विचारलं, "पिक्चरमदलं बोललास ना रं?"

"पयल्यांदा बोललो. मंग साधंच बोललो, आई," हर्षद म्हणाला. "कुनाला खरं वाटलं न्हाय."