चौथी ओळ

रुसे शहरातल्या तंत्रमहाविद्यालयात संगणकखोली सांभाळणाऱ्या स्पासने शेलला टपाल शिकवलं होतं. म्हणजे असं, की शेलच्या ज्या काळ्या पडद्यावर एरवी नुसते हुकूम टाइप करायचे, त्यावर त्याचं चिमुकलं मॉड्यूल चढवलं की तिथूनच पत्रं लिहिता-वाचता यायची. प्राध्यापक मंडळी पत्र अर्ध्यात टाकून घरी जात आणि ‘पोचलं कसं नाही?’ म्हणून वर भांडत. वैतागून स्पासने नियमच घातला: मॉड्यूल उतरलं की अर्धंमुर्धं असेल ते पत्र रवाना. लिहिलेली ओळ खोडायची किंवा पत्र फाडायची सोय ठेवलीच नाही. स्वतः आपणही कधी अर्ध्यात अडकू, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

शुक्रवारी दुपारी तो विदिन गावी, थोरल्या भावाला, म्लादेनला लिहीत बसला होता. म्लादेनने वडिलांची होडी न विचारता विकली होती.

“तीन ओळींना अख्खी दुपार?” पलीकडच्या टेबलावरून त्याच्या सहकारी त्सोन्काने टोमणा मारला. “प्रेमपत्र की काय रे?”

“भांडणपत्र आहे, बाई.”

“मग तर भराभर सुचायला हवं!”

सुचलं होतंच. *यापुढे मला भाऊ नाही.* ही चौथी ओळ मनात तयार होती, बोटांत तेवढी उतरत नव्हती. टाळायला म्हणून त्याने पडद्यावरच्या शेजारच्या खिडकीत काही न लिहिता नुसतंच एंटर दाबलं. पत्र आल्याचं शेल एंटरनंतरच सांगतं, त्यामुळे संगणकवाल्यांना ही खोडच असते.

‘नवीन पत्र आहे.’

म्लादेनचं उत्तर होतं. वर, उत्तरात असतात तशा, बाणाची खूण लावून स्पासच्याच ओळी. पहिली, दुसरी, तिसरी. आणि चौथी. खाली म्लादेनचे दोनच शब्द: *बरं, नाही.*

स्पासने पाठवलेल्या पत्रांच्या नोंदी तपासल्या. पत्र गेलेलंच नव्हतं.

त्सोन्का उठून मागे येऊन उभी राहिली. उत्तरावरची तारीख उद्याची होती. “विदिनचं घड्याळ पुढे असेल,” ती म्हणाली, पण हसली नाही. “पाठवू नकोस ते. उतरव मॉड्यूल.”

“उतरवलं तर जाईल.”

“मशीन बंद कर!”

“बंद होतानाही उतरतंच. मीच तसं केलंय.”

पत्र जाणारच होतं. काय सांगत जावं, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं. त्याने चौथी ओळ लिहिली: *होडीचं जाऊ दे. रविवारी येतो.* खाली एकटा ठिपका दिला, पत्र संपल्याची खूण. पत्र गेलं. मग राहवेना, म्हणून टेबलावरचा फोन उचलला.

म्लादेनने लगेच घेतला. “दोन-दोन पत्रं काय पाठवतोस रे? कुठलं खरं मानू?”

“दुसरं,” स्पास घाईने म्हणाला.

“दोन्ही एकदमच आलीत. दुसरं कुठलं?”

“येतो म्हटलंय ते, दादा.”

पलीकडून म्लादेनने दुसऱ्या पत्राची चौथी ओळ वाचून दाखवली: *यापुढे मला भाऊ नाही.*

“आणि हे? हे कुणी लिहिलं?”

बिघाड झाला म्हणता आलं असतं. मॉड्यूल त्याचंच, बिघाडही त्याचाच. कोण तपासणार होतं? त्सोन्का तर तशा खुणाही करत होती.

“तेही मीच,” स्पास म्हणाला.