भावांचा बँड

दोन सख्खे भाऊ एकाच बँडमध्ये वाजवायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. थोरला गिटार वाजवून गायचा, धाकटा बेस गिटार वाजवायचा. तालमीला एकाच खोलीत, कार्यक्रमाला एकाच व्हॅनमध्ये, स्टेजवर हातभर अंतरावर, पण शब्दाला शब्द नाही.

बँड ब्लूज वाजवायचा. दुःखाची गाणी, पण रडकी नव्हेत. ऐकताना माणूस मान हलवत पायाने ताल धरतो, तशी. त्या भागातल्या लहानमोठ्या गावांतून त्यांनी उभं आयुष्य हीच गाणी वाजवली होती. मोठ्या शहरात त्यांना कुत्रं विचारत नव्हतं, पण आपल्या भागात त्यांच्या गाण्यांवर लोकांची लग्नं जमली होती आणि मोडलीही होती. लोक त्याला ‘भावांचा बँड’ म्हणत. ड्रम वाजवणारा त्यावर म्हणायचा, “दोघं भाऊ, आणि मी दत्तक.”

हा ड्रमवाला पेशाने सोफे-खुर्च्यांना कापड चढवायचा. अंगाने चांगला जाडजूड, म्हणून त्याला सगळे ढोल्या म्हणत. बायकोसुद्धा. भावांचं बोलणं बंद झाल्यापासून मधल्या निरोप्याचं काम त्याच्याकडे आलं होतं.

“त्याला सांग, तिसरं गाणं जरा खालच्या पट्टीत घेऊ,” थोरला म्हणायचा. धाकटा समोरच बसलेला.

ढोल्या गंभीर चेहऱ्याने वळायचा. “दादाचं म्हणणं आहे की तिसरं गाणं...”

“ऐकलं मी.”

“ऐकलं असशील, पण पोहोचवायचं मलाच. टपालखात्याचा नियम आहे.”

बोलणं बंद झालं ते आईपायी. आई दवाखान्यात होती आणि धाकटा तिच्या उशाशी. त्या संध्याकाळी दुसऱ्या गावात बँडचा मोठा कार्यक्रम होता. धाकट्याच्या जागी कुणीतरी उसना बेसवाला घेऊन थोरला तिकडे गेला होता. आईने थोरल्याचं नाव घेतलं आणि मग घेतच राहिली. धाकट्याने त्या सभागृहात फोन लावला. तिथल्या माणसाने “मध्यंतर चालू आहे, निरोप देतो” म्हणून ठेवला. थोरला आला तेव्हा आईच्या अंगावर चादर ओढून झाली होती.

दवाखान्याच्या बोळात धाकट्याने विचारलं, “निरोप मिळाला होता का तुला?”

थोरल्याने क्षणभर त्याच्यामागे पाहिलं. तिथे ढोल्या भिंतीला टेकून उभा होता. मग थोरला म्हणाला, “मिळाला होता.”

“मध्यंतरात?”

“हो.”

“आणि तू पुढचा अर्धा कार्यक्रम गात बसलास.”

यावर थोरला काहीच बोलला नाही. धाकटाही नाही, त्यानंतर कधीच नाही. बँड सोडायचं त्याच्या मनात होतं, पण ढोल्या त्याच्या गॅरेजवर येऊन बसला. धाकटा बसगाड्यांचे ब्रेक दुरुस्त करायचा. ढोल्या तिथे तेलकट बाकावर बसून म्हणाला, “भावाशी बोलू नकोस. मीही सांगणार नाही बोल म्हणून. पण वाजव. तू गेलास तर तोही थांबेल, आणि मग मी काय सोफ्यांवर ताल धरू?” धाकट्याला ते पटलं. खरं तर त्याला वाजवण्यावाचून दुसरं काही नव्हतंच. लग्न त्याने केलं नव्हतं. घरी गेल्यावर बोलायला रेडिओ होता, आणि तोही आपलंच बोलायचा.

ढोल्या मात्र नुसते गाण्यांचे निरोप आणत नव्हता. धाकट्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो पिशवीभर संत्री घेऊन आला. “दादाने दिलीत. म्हणाला, जिना चढू नको म्हणावं इतक्यात, लहानपणापासून घाई याला.” धाकट्याने तोंड वाकडं केलं आणि संत्री खाल्ली. हिवाळ्यात एकदा लोकरीचा मफलर आला. एकदा गॅरेजमधल्या बढतीबद्दल “दादा सगळ्या दुकानात सांगत सुटलाय” असा निरोप आला. थोरला चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. त्या दुकानावरून जाताना धाकटा कधी आत पाहायचा नाही, पण त्या आठवड्यात त्याने पाहिलं. थोरला मान खाली घालून काम करत होता. धाकटा पुढे निघून गेला, पण त्या दिवशी त्याला जरा बरं वाटलं.

मग एका दुपारी ढोल्या खुर्चीला कापड ठोकता ठोकता तिथेच कलंडला. तोंडात धरलेले खिळे विखुरले होते, ते बायकोने नंतर गोळा केले. दवाखान्यात न्यायचीही गरज उरली नव्हती.

त्याला निरोप द्यायला सगळा गाव लोटला. दोघे भाऊ दोन टोकांना उभे होते. लोक येऊन आधी एकाला भेटत, मग दुसऱ्याला, आणि दोघांना तेच सांगत.

पुढच्या तालमीच्या दिवशी धाकटा सवयीने खोलीवर गेला. टायरच्या दुकानामागची ती खोली. भिंतींना ढोल्याने उरल्यासुरल्या कापडाच्या गाद्या मारल्या होत्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. थोरला आधीच येऊन तारा लावत होता. ड्रमवर चादर होती. दोघे बसले. नेहमी ढोल्या काठीवर काठी आपटून सुरुवात करून द्यायचा. आता कोण करणार? बऱ्याच वेळाने थोरल्याने नुसतीच सुरुवात केली, आणि धाकटा मागून शिरला. दुपारभर दोघांनी वाजवलं. एक गाणं संपलं की खोलीत बल्बचा गूं आवाज तेवढा ऐकू यायचा. मग थोरल्याने गिटार पेटीत ठेवली आणि तो गेला. पुढच्या आठवड्यातही तसंच झालं. त्याच्या पुढच्या आठवड्यात थोरला आलाच नाही.

ढोल्याच्या बायकोला दोघेही वहिनी म्हणत. दुकान रिकामं करायचं होतं म्हणून तिने धाकट्याला मदतीला बोलावलं. लाकडी सांगाडे, काथ्या, स्प्रिंगा, कापडाचे गठ्ठे. काम करता करता ती म्हणाली, “तुम्ही दोघं बोलायला लागलात का आता?”

“नाही.”

“अजून नाही?” ती हातातला गठ्ठा धरून उभीच राहिली. “मला वाटलं, हे गेल्यावर दादा सांगतील. आता कुणासाठी गप्प बसायचं?”

“काय सांगतील?”

वहिनी गठ्ठ्यावर बसली. “तो फोन यांनी घेतला होता रे. आईंच्या वेळचा. त्या माणसाने निरोप यांना दिला. हॉल गच्च भरलेला, एवढा मोठा कार्यक्रम कधी मिळाला नव्हता. यांना वाटलं, तासाभराने काय फरक पडतो, संपल्यावर सांगू. दादांना शेवटचं गाणं झाल्यावर कळलं. मरेपर्यंत यांना तो फोन सुटला नाही. झोपेत बोलायचे.”

धाकट्याला राग आला, पण तो कुणावर काढायचा? ज्याच्यावर इतकी वर्षं काढला त्याचा काही संबंध नव्हता, आणि ज्याचा होता तो हाती लागण्यापलीकडे गेला होता. त्याने उरलेले गठ्ठे टेम्पोत भरले, हात धुतले आणि तो तडक भावाच्या घरी गेला.

जिन्यात वासही ओळखीचा राहिला नव्हता. थोरल्याने दार उघडलं, पाहिलं, आणि दारातून बाजूला झाला. त्याची बायको वारल्यापासून घरात टेबलाला एकच खुर्ची होती. त्याने आतून स्टूल आणलं.

“वहिनींनी सांगितलं,” धाकटा म्हणाला.

थोरल्याने मान डोलावली.

“तू का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू त्याच्यासोबत वाजवलं असतंस?”

“नसतं.”

“मग?”

“मग काय मग! तुझ्याशी बोलणं टाकलं मी. भाऊ मेला असं समजून चाललो.”

“तू वाजवायला तर येत होतास,” थोरला म्हणाला. “तो त्या बोळात पांढराफटक उभा होता. मला वाटलं, आत्ता मी घेतो अंगावर, चार दिवसांनी तू थंड झालास की सांगू. मग चार दिवसांचे... तू काही थंड झाला नाहीस.” तो जरासा हसला. “तू मनातून मला टाकलं नाहीयेस, हे मला कळत होतं ना. तेवढ्यावर चाललं.”

“कसं कळत होतं?”

“ही गेली तेव्हा तू आला होतास. वर यायचं धाडस झालं नाही, खाली गाडीत बसून राहिलास. ढोल्या सांगायला आला वर. मी खिडकीतून बघितली गाडी.”

भावजय गेली त्या दिवशी धाकटा घरी होता, दार लावून. खोटं बोलता आलं असतं. पण या घरात खोट्याला आता जागा नव्हती.

“मी नव्हतो दादा,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाची असेल गाडी.”

थोरल्याने मान वळवून त्या खिडकीकडे पाहिलं.

“आणि तू संत्री पाठवली होतीस,” धाकट्याने विचारलं, “माझ्या ऑपरेशनच्या वेळी?”

“तुझं ऑपरेशन झालं होतं? मला तर ढोल्या म्हणाला, बाहेरगावी गेलायस.”

त्यानंतर दोघांनी एकेक गोष्ट काढली. मफलर. बढती. थोरल्याच्या वाढदिवसाला आलेल्या बेसच्या जुन्या तारा, ‘ह्या त्याच्या पहिल्या तारा, तुला ठेवायला दिल्यात’. एकही खरी निघाली नाही. ढोल्याने दोघांना दोन भाऊ करून दिले होते, आणि ते दोन्ही भाऊ त्याच्याबरोबर गेले होते. खोलीत बसलेले दोघे म्हातारे एकमेकांना फारसे ओळखत नव्हते. थोरला रडला नाही. त्याने चष्मा काढून पुसला, उजेडाकडे धरून पाहिला आणि पुन्हा पुसला.

“बेस आणलायस का?” त्याने विचारलं.

“नाही.”

“बरं. पुढच्या तालमीला ये. मीही येतो.”

महिन्याभरात त्यांना ड्रमवर एक बाई मिळाल्या. निवृत्त नर्स, तरुणपणी वाजवायच्या, हात अजून बरा होता. ताल जरा पुढे पळायचा, पण सांगितलं की ऐकायच्या. पहिल्या दिवशी सामान आवरताना त्यांनी सरळ विचारलं, “तुमच्यात काही भांडण आहे का? दोघंही माझ्याशीच बोलताय.”

“नाही, नाही,” थोरला म्हणाला. “भांडण नाही.”

“सवय नाही,” धाकटा म्हणाला.

बाई हसल्या आणि त्यांची बस होती म्हणून गेल्या. थोरल्याने खोलीला कुलूप लावलं. बाहेर अजून ऊन होतं. टायरवाल्याने रस्त्यावर पाणी मारलं होतं. धाकट्याने गाडीचं दार उघडलं. “चल, सोडतो तुला.”

“नको. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.”

खरंच सांगितलं होतं की थोरल्याला नुसतं टाळायचं होतं, हे धाकट्याला कळेना. ढोल्याला कळलं असतं. धाकट्याने गाडीचं दार परत लावलं.

“मी येतो थोडं तुझ्याबरोबर.”

दोघे फुटपाथच्या कडेने चालले. थोरला अपेक्षेपेक्षा हळू चालत होता, म्हणून धाकट्याला दोनदा थांबावं लागलं. चौक आला.

“बास,” थोरला म्हणाला, “आता जा तू. गाडी तिकडे राहिली.”

“हो.”

सिग्नल हिरवा झाला तसा थोरला रस्ता ओलांडायला लागला. धाकटा तो पलीकडे पोहोचेपर्यंत उभा राहिला. पोहोचल्यावर थोरल्याने मागे वळून पाहिलं नाही, आणि तो वळून पाहणाऱ्यांपैकी आहे की नाही, तेही धाकट्याला माहीत नव्हतं.