खुर्चीतली ओळ

मी बँजो बोलतोय. हो, तोच, ज्याच्याबद्दल शहरातल्या एका मोठ्या पेपरात छापून आलं की 'वाद्य सैल वाजतं.' सैल म्हणे! अहो, आधी माझी जन्मकथा ऐका, मग काय ते बोला.

अमेरिकेतल्या केंटकीच्या कोळशाच्या डोंगरांत, मला वाजवणाऱ्या व्हर्लिनच्या बापाने मला घरामागच्या अक्रोडाच्या लाकडातून कोरलं. वर कातडं ताणलं ते परसातला मका चोरून खाणाऱ्या, मांजराएवढ्या एका घुशीचं. बापाने एकाच गोळीत चोरही मारला आणि मलाही कंठ दिला. असलं कातडं हवेतली ओल पितं आणि सैल पडतं. म्हणून वाजवण्याआधी मला चुलीजवळ शेकावं लागतं. व्हर्लिन आठ वर्षांचा होता तेव्हापासून हे काम त्याचं. आता तो अठ्ठ्याहत्तरचा आहे आणि शेकताना म्हणतो, "ऊब घे म्हाताऱ्या, तुझं झालं की माझे गुडघे."

पन्नास वर्षं आम्ही दोघं जुनी गाणी घेऊन गावोगाव फिरलो. प्रेमाची, पुराची, आगगाड्यांची. लोकांनी अगदी डोक्यावर घेतलं.

मग व्हर्लिनचा मेहुणा होबर्ट गेला. बत्तीस वर्षं खाणीत राबून त्याची फुप्फुसं दगड झाली होती, आणि खाणीचा डॉक्टर शेवटपर्यंत लिहीत राहिला, 'छाती स्वच्छ.' होबर्टला पोचवून आल्यावर व्हर्लिनने आठ दिवसांत नऊ गाणी लिहिली. डोंगराचं डोकं सुरुंगाने उडवून ओढ्यात लोटणाऱ्या मालकांवर, त्या डॉक्टरवर, आणि एक होबर्टवर. सगळी स्वयंपाकघरात बसूनच रेकॉर्ड केली. बाहेर आठवडाभर झड लागलेली, मला शेकायचं त्याला भानच राहिलं नाही. मी सैल वाजलो, कबूल. पण रडणाऱ्या माणसाच्या मांडीवर ताठ बसणं काही मला जमत नाही.

अल्बम बाहेर आला आणि जो तो आपली अक्कल पाजळू लागला. पोस्टातली बाई कात्रणं आणून द्यायची, व्हर्लिन ओसरीवर बसून ती मला वाचून दाखवायचा. एकाने लिहिलं, 'म्हातारपणी सिंह डरकाळला.' दुसरा म्हणाला, 'पूर्वी हा रडवायचा, आता नुसता झापतो.' तिसऱ्याने पाचपैकी साडेचार तारे दिले.

"अर्धा कशाचा कापला असेल रे?" व्हर्लिनने मला विचारलं.

माझाच! दुसरं काय?

एक ओळ मात्र झाडून सगळ्यांना आवडली. 'शेवटी होबर्ट निजला, उशीला गाल लावून.' तीन पेपरांनी ती मोठ्या अक्षरांत छापली. आमच्या गावच्या साप्ताहिकात मात्र अवाक्षर नाही. निम्मं गाव त्याच खाणीवर जेवतं, लिहिणार कोण?

पण व्हर्लिनचा जीव टांगणीला लागला होता तो एकाच मतासाठी. ओपल, त्याची धाकटी बहीण, होबर्टची बायको. अल्बम घेऊन आम्ही तिच्याकडे गेलो, तर तिने जाळीचं दारसुद्धा उघडलं नाही.

"माझ्या नवऱ्याच्या खोकल्याला टाळ्या पडल्या का रे दादा?" ती आतूनच म्हणाली.

"अगं, मी त्याच्यासाठीच तर..."

"तू गावोगाव गात होतास. तो खोकायचा तेव्हा भांडं धरायला मी होते. मला नको शिकवूस."

अल्बम पायरीवर ठेवून आम्ही परतलो. ती बोलेनाशी झाली. व्हर्लिन दर शनिवारी परसातल्या शेंगांची बरणी तिच्या पायरीवर ठेवायचा. बरणी धुऊन-पुसून परत यायची, शब्द एक नाही. एकदा त्याने ते साडेचार तारे चुरगाळून चुलीत घातले आणि त्यावर मला शेकलं. मला फार वाईट वाटलं हो त्याचं.

मग होबर्टच्या वर्षाची स्मरणसभा आली. आमच्या डोंगरातल्या चर्चमध्ये वाद्याला मज्जाव. देवाला नुसता माणसाचा गळा लागतो म्हणे. सत्तर वर्षं हा अपमान मी गिळतोय. तिथे गाण्याची रीतही वेगळी. एक वडीलधारा एकेक ओळ झरझर सांगतो, मग सगळे मिळून ती सावकाश ओढतात. व्हर्लिन आत मागच्या बाकावर बसला. मी बाहेर त्याच्या ट्रकमध्ये, काच खाली केलेली.

"ओपलबाईंनी एक कागद दिलाय," आतून ओळ सांगणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज आला, आणि त्याने पहिली ओळ सांगितली.

आमचंच गाणं! माझ्या तारा आपोआप थरथरल्या. आणि सगळे गायला लागले. दुकानात व्हर्लिनला बघून तोंड फिरवणारे ते खाणीतले बापे, त्यांच्या बायका, सगळे. तिसऱ्या कडव्याला मी ती गाजलेली ओळ मनात म्हणून मोकळा झालो, पण म्हाताऱ्याने सांगितलं, 'शेवटी होबर्ट निजला, खुर्चीत बसल्या बसल्या.' ती ओळ ओढताना निम्म्या बायकांचे आवाज फुटले. त्यांच्याही घरात तसली खुर्ची होती.

सभा सुटल्यावर ओपल आणि व्हर्लिन ट्रकपाशी आले. त्याचे डोळे सुजलेले.

"चार वर्षं तो आडवा झाला नाही, दादा," ओपल म्हणाली. "आडवा झाला की श्वास कोंडायचा. तुला माहीतच नव्हतं."

"नव्हतं गं. मी आलोच नाही ना बघायला."

"बाकी गाणं खरं आहे," ती म्हणाली, आणि खिडकीतून हात घालून तिने माझ्यावर टिचकी मारली. "पण याला शेकत का नाहीस रे? किती सैल वाजलाय मेला!"

तिने म्हटलं म्हणून मला राग आला नाही.

आता व्हर्लिनची बोटं वळत नाहीत. त्याने मला ओपलच्या घरी आणून टांगलंय, चुलीशेजारी, होबर्टच्या खुर्चीच्या वर. शनिवारी बरणी घेऊन तो येतो, मग दोघं भाऊबहीण शेंगा आणि मक्याचा पाव खातात आणि भांडतात.

तुम्ही कधी ते गाणं म्हणालात, तर माझी एवढी विनंती ऐका. मला हातात घ्या, नका घेऊ. पण अल्बमवरची ओळ म्हणू नका. होबर्टला खुर्चीतच बसू द्या. आडवं केलंत तर त्याचा श्वास कोंडतो.