दोन लाल फुल्या

वीसच्या वीस वाक्यं बरोबर होती. मी वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. सगुणा ओटीच्या खालच्या पायरीवर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"किती चुकली, मास्तर?"

"थांब जरा. घाई कसली आहे?"

घाई तिला होती आणि तशी असायलाच हवी होती. महिनाअखेर तिचा फॉर्म मुंबईला पोचायला हवा होता. भादव्यात तिला तीस पुरी होणार, आणि तिशीनंतर नर्सिंगच्या शिक्षणाला बाईला घेत नाहीत. म्हणजे हे शेवटचं वर्ष. हे तिनं मला चारदा सांगितलं होतं, आणि चारही वेळा मी "हो हो" म्हणून विषय बदलला होता.

मी तांबडी पेन्सिल उचलली. सातवं वाक्य होतं : 'द पेशंट स्लेप्ट वेल लास्ट नाइट.' काल रात्री म्हटलं की साधा भूतकाळ, हे मी तीस वर्षं पोरांच्या डोक्यात हातोड्यानं ठोकत आलो. तरी त्या 'स्लेप्ट'वर मी फुली मारली आणि वर लिहिलं, 'हॅज स्लेप्ट'. तेराव्या वाक्याचंही असंच वाटोळं केलं.

"दोन चुकली," मी म्हणालो. "भूतकाळ अजून कच्चा आहे तुझा."

तिचं तोंड एवढंसं झालं. "सोपी वाटली व्हती मना," ती म्हणाली आणि वही घेऊन रेवदंड्याच्या वाटेला लागली.

चौलात मला चौबळ मास्तर म्हणतात. म्हणजे जे कोणी बोलतात ते. मी पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवायचो. स्वराज्य आलं आणि दोनेक वर्षांत सरकारनं त्या वर्गांचं इंग्रजी बंद केलं. हेडमास्तरांनी माझ्या हातात टकळी दिली आणि सूतकताईचा तास घ्यायला सांगितलं. माझं सूत दर वितीला तुटायचं. पोरं खूश. क्रियापदांची रूपं घोकून घेणारा हा खडूस माणूस कापसाच्या पेळूशी झगडताना बघायला त्यांना गंमत वाटत असणार. पंचावन्न साली मी निवृत्त झालो. त्याआधीच बायको गेली होती. मूलबाळ नव्हतं. मग घरात मी, डिक्शनरी आणि शेजारच्या वाडीतल्या रहाटाचा आवाज. दिवस दिवस माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. एकदा दुकानात साखर मागताना घसा बसल्यासारखा आवाज आला, तेव्हा मला माझीच भीती वाटली.

त्याच वर्षी सगुणा आली. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली, मराठी सातवी पास. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा तापानं गेला. भावाकडे राहायची आणि सरकारी दवाखान्यात आया म्हणून राबायची. तिला नर्स व्हायचं होतं. नर्सला कामाची पाळी संपताना रोग्याला काय झालं, काय दिलं, ते इंग्रजीत लिहून ठेवावं लागतं. त्यामुळे प्रवेशाची अर्धी प्रश्नपत्रिका भूतकाळावरच. शिवाय फॉर्मवर इंग्रजीच्या मास्तराचा दाखला हवा. पंचक्रोशीत तो मास्तर मीच.

दर मंगळवारी आणि शनिवारी ती चार वाजता यायची. येताना कधी सोडे, कधी बोंबील पानात बांधून आणायची. मी नको म्हणायचो आणि ठेवून घ्यायचो. मंगळवारी सकाळी मी दाढी करायचो. शनिवारीही. एरवी कोणासाठी करणार?

खरं सांगायचं तर ती आदल्या वर्षीच तयार झाली होती. पोरगी विलक्षण हुशार. तेव्हाही मी "भूतकाळ कच्चा आहे" म्हणून तिचं एक वर्ष खाल्लं. मग कुठल्याही नर्सला जन्मात लागणार नाहीत असले भूतकाळाचे प्रकार मी तिला शिकवत बसलो. ती बिचारी तेही शिकली. तिचं आता काही चुकतच नव्हतं, म्हणून शेवटी मला फुल्या माराव्या लागल्या.

मंगळवारी ती आली ती हसतच. पायरीवर बसायच्या आधी तिनं वही उघडून दाखवली. माझी दोन्ही दुरुस्त वाक्यं तिनं शंभर शंभर वेळा लिहिली होती. गोल, स्वच्छ अक्षर. शंभर वेळा चूक.

"आज दवाखान्यात गंमत झाली," ती म्हणाली. "दुपारी मी लिवीत बसली व्हती. नव्या डॉक्टरांनी वही बघितली. म्हनतात, ये चुकीचा हाय. तुजा पहिलाच बरोबर व्हता."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"मंग तू काय म्हणालीस?" एरवी मी 'मंग' म्हणत नाही.

"मी म्हनलं, डॉक्टर, औषध तुमचा, पन इंग्रजी आमच्या मास्तरांचा. ते चुकाचे न्हाय. कंपाउंडर हसला, बायका हसल्या. डॉक्टर रागावले, म्हनाले, जा, लादी पूस. मी म्हनलं, पुसते. पन मास्तर चुकाचे न्हाय."

तीस वर्षांत माझ्यासाठी कोणी भांडलं नव्हतं. हेडमास्तरांनी टकळी दिली तेव्हा खोलीत सहा मास्तर होते, एकानं मान वर केली नाही. आणि ही बाई माझ्या खोटेपणासाठी चारचौघांत भांडून, लादी पुसून, तीन मैल चालत आली होती. मला माझी इतकी शरम कधी वाटली नव्हती.

"सगुणा, डॉक्टर बरोबर आहेत."

तिनं वहीकडे पाहिलं. मग म्हणाली, "नजरचूक झाली आसंल. तुमचा चष्मा बी जुना झाला."

निसटायची वाट तिनंच करून दिली होती. चष्म्यावर ढकललं असतं तर माझं मास्तरपण राहिलं असतं, आणि तीही इथेच राहिली असती.

"नजरचूक नाही. तुझी वीसच्या वीस बरोबर होती आणि ते मला माहीत होतं. गेल्या वर्षीही तू तयार होतीस."

"मंग कशापायी केलात?"

"तू पास झालीस की इथे कोणी येणार नाही."

रहाट चालू होता. तिनं वही मिटली आणि मांडीवर ठेवली.

"एकटा वाटत व्हता तर सांगाचा," ती म्हणाली. "बाजाराच्या दिशी आली असती. बसली असती घडीभर. वही नसती तरी."

मी फॉर्म मागितला. तिनं पिशवीतून काढून दिला. तो ती गेले आठ दिवस बरोबर वागवत होती. मी दाखला लिहिला, सही केली. शाई वाळेपर्यंत ती उभी होती. मग गेली.

पुढे ती पास झाली आणि मुंबईला गेली. पण ते नंतरचं. मला वाटलं होतं, शनिवारी ती येणार नाही. ती आली. परीक्षेपर्यंत एकही वार तिनं चुकवला नाही. पानात बांधलेले सोडे तसेच, वाकून नमस्कार तसाच. ती पायरीवर बसायची, मी सांगेन ते लिहायची, विचारलेल्याचं उत्तर द्यायची. दवाखान्यातल्या गमती मात्र सांगत नव्हती.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी मी तिला वीस वाक्यं घातली. कठीणच घातली. तिनं पाऊण तासात लिहून वही पुढे केली. मी एकेक वाक्य बोट ठेवून तपासलं. खाली मोठ्या अक्षरांत 'वीसपैकी वीस' लिहिलं आणि तारखेसह सही केली.

"सगला बरोबर हाय?" तिनं विचारलं.

"सगळं. एकही चूक नाही."

"बरा." तिनं वही पिशवीत घातली, वाकून नमस्कार केला. "येते मास्तर. डॉक्टर सहापर्यंत हाईत दवाखान्यात. त्यांना दाखवून घेते."

तिच्या आवाजात राग नव्हता. पदर खोचून ती पायऱ्या उतरली.

"मग थांबू नकोस," मी म्हणालो. "मागच्या वाडीतून जा, लवकर पोचशील."